तिसऱ्या ताटाचे पैसे

मी एक जुनी नारिंगी डबी आहे, मित्रांनो. माझ्यात पाणी शिरत नाही अशी माझी ख्याती होती. पण ज्या दिवसापासून ही हकीकत सांगायची, त्या दिवशी माझे झाकण उघडे पडले होते आणि माझ्या पोटातले सगळे पैसे व्हरांड्यात दोरीवर चिमट्यांनी टांगलेले होते. एका बाजूला बाबांचा टॉवेल, दुसऱ्या बाजूला मुलीचा पोहायचा पोशाख आणि मधे ओल्या नोटा. खारे वारे सुटले की तिन्ही एकदम हलायचे.

"त्या डबीकडे काय बघताय? मला बोला," मुलगी म्हणाली. "घाईत झाकण मीच लावलं."

"तुला काय बोलायचं? एक केस अडकला रिंगेत आणि पाणी शिरलं. माझ्या डोक्यावर शिल्लक असते तर माझाही अडकला असता."

ती हसली नाही. ती दोरीकडे बघत होती. एका नोटेचा कोपरा गेला होता आणि बोटवाल्याने ती परत केली होती. उरलेल्या नोटा लहान होत्या, थोड्या होत्या. बाकीचे पैसे बाबांच्या बॅगेत तळाशी, पायमोज्यात, कोरडे ठणठणीत होते. हे तिला ठाऊक नव्हते. तिने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

तिचे ते बाबा, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले नारिंगी प्लॅस्टिक साच्यात ओतले, दोन अर्धी भांडी निघाली, आणि कुकरच्या झाकणाला असते तशी एक रबरी रिंग माझ्या झाकणात बसवली. मग माझ्या पोटात कोरा कागद घालून मला पाण्याच्या टाकीत दाबून धरले. कागद कोरडा निघाला. मला फार अभिमान वाटला. पुढे बंदराजवळच्या एका दुकानात मी टांगलेली असताना बाबांनी मला घेतले.

बाबा पाणबुडे होते. हौशी नव्हे, पोटासाठी. नांगरलेल्या जहाजांच्या खाली जायचे आणि बुडाला चिकटलेले शिंपले, शेवाळ खरवडून काढायचे. बंदराचे पाणी तेलकट, काळे. स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. धक्क्यावर कपडे ठेवले की खिशातले पैसे नाहीसे होत, म्हणून पगार माझ्या पोटात आणि मी त्यांच्या पट्ट्याला. त्या काळ्या पाण्यात मी वर्षानुवर्षे त्यांच्या कमरेला होते. काम करता करता अधूनमधून ते एक हात मागे आणून मला चाचपायचे. मी आहे ना, एवढेच बघायचे.

घरी माझी जागा शेगडीशेजारच्या फळीवर. मुलीची आई ती लहान असतानाच गेली होती. स्वयंपाक बाबा करायचे. जहाज आले नाही की काम नाही, आणि काम नाही की पातेल्यात भात कमी. अशा दिवशी ती दोन घास खाऊन ताट पुढे सरकवायची.

"पोट भरलं."

"एवढ्यात? अगं, हे काय खाणं झालं?"

"भरलं म्हणते ना. तुम्ही घ्या."

मग अन्न वाया जायला नको म्हणून तिच्या ताटातले बाबा खायचे. आमच्या पोरीचे खाणे अगदी चिमणीचे, असे ते चारचौघांत सांगायचे, आणि त्यात थोडे कौतुक असायचे, थोडी काळजी. तिचे नावच चिमणी पडले. पण बाबा हात धुवायला मोरीत गेले की ही चिमणी पातेल्याला लागलेली खरवड बोटांनी काढून खायची आणि बोटे चाटायची. हे फक्त मी पाहिले आहे, मित्रांनो. फळीवरून सगळे दिसायचे.

दिवस पालटले. मुलगी शिकली, नोकरीला लागली. बाबा निवृत्त झाले आणि मी एका खणात गेले. तिथे सुटी बटणे होती, बंद पडलेले घड्याळ होते, तुटका चष्मा होता. माझी रिंग वाळून तडकली. कुणी माझे झाकण उघडले नाही. घरात आता भात भरपूर शिजत होता, तरी ती "पुरे" म्हणतच होती. सवय झाली होती.

मग तिने बाबांना स्वच्छ पाण्यात न्यायचे ठरवले. जिथे तळ दिसतो, मासे दिसतात, अशा एका उष्ण बेटावर.

"आयुष्यभर डोळे मिटून बुडालात, आता एकदा उघडे ठेवून बुडा," ती म्हणाली.

"येतो. पण तिकीट तुझं, बुडी तुझी, जेवण माझं."

"बाबा, मी कमावते हो."

"मग कमव की. मी कुठे अडवलंय? जेवण माझं. नाहीतर मी इथेच बरा."

तिला कबूल करावे लागले. त्यांनी मला खणातून काढले, नवी रिंग बसवली, तिला बोटाने ग्रीस लावले. मी पुन्हा कामाला लागले.

बेटावर पैशाचे एक तंत्र असते. धक्क्याजवळचे एकुलते पैसे काढायचे यंत्र बहुधा बंद. हॉटेलात कार्ड चाले, पण वर आकार लावत. बोटवाले, फळवाले यांच्याकडे सुटे कधीच नसत. म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी केळी घेऊन घेऊन मोठ्या नोटा मोडल्या. खोलीत केळी इतकी झाली की मुलीने कपाळाला हात लावला. रोज सकाळी बुडीला जाण्याआधी ते लहान नोटांच्या तीन घड्या करायचे आणि माझ्यात ठेवताना पुटपुटायचे. "हे माझं. हे चिमणीचं. आणि हे चिमणीच्या 'अजून'चं."

मित्रांनो, बाबांची सगळी सुट्टी त्या तिसऱ्या घडीसाठी होती. पाण्याखालचे रंग त्यांना आवडले, पण ते शोधत होते असे एक जेवण, जे खाऊन त्यांची मुलगी ताट पुढे करील आणि आणखी मागेल. त्यांच्या हातचे तिने आयुष्यात तसे कधी मागून घेतले नव्हते. आपल्या हातालाच चव नसावी, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

हॉटेलच्या जेवणघरात त्यांच्या हातात चकचकीत चित्रांचे मेनूकार्ड आले. ते त्यांनी तसेच परत केले. "फोटो दाखवून लग्न जुळवतात, जेवण नाही," असे म्हणून ते उठले. मग धक्क्यावर हवेची नळकांडी वाहणाऱ्या माणसांकडे गेले. चांगले कुठे मिळते, असे त्यांनी विचारले नाही. तसे विचारले की लोक महागडे ठिकाण दाखवतात. त्यांनी विचारले, "तुम्ही कुठे जेवता?"

त्यांनी दाखवलेल्या पहिल्या ठिकाणी सगळे खारट. दुसऱ्या ठिकाणी तेल जुने, बाबा दारातून वास घेऊनच मागे फिरले. पुढच्या ठिकाणी मासा चांगला होता, पण मुलगी म्हणाली, "पुरे." संध्याकाळी तिसरी घडी माझ्या पोटातून जशीच्या तशी बाहेर यायची. "इथेही काही राम नाही," बाबा मला म्हणायचे.

नोटा वाळत घातल्या त्या दिवशी दुपारी आम्ही बोटी दुरुस्त करायच्या शेडमागच्या खानावळीत गेलो. पत्र्याचे छप्पर, दोन बाक, एक मोठे पातेले. पातेले संपले की खानावळ बंद. मला मुलीजवळ बाकावर ठेवून बाबा आधी आत गेले आणि खानावळवालीशी काही बोलून आले. बोलणे मला ऐकू आले नाही. बाबा मात्र खुशीत होते.

मासा, आंबट कढण आणि वाफाळता भात. मुलगी एक शब्द न बोलता जेवली. तिने काटे चोखले, कढण वाटी उचलून प्यायली. बाबांचे जेवण तसेच राहिले होते, ते तिच्याकडे बघत होते. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता आणि तिसऱ्या घडीसाठी बोटे तयार होती.

खानावळवाली पळी घेऊन आली. "वाढू?"

मुलीने वर पाहिले. मग तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या कडेला अजून ओल होती. तिच्या डोळ्यांपुढे ती दोरी आली असणार.

"नको," ती म्हणाली. "पोट भरलं."

"आवडलं नाही?" बाबांनी विचारले.

"खूप आवडलं. पण पुरे."

बाबांची बोटे झाकणावरून खाली आली. त्यांनी दोन घड्या काढल्या आणि पैसे द्यायला आत गेले. वाटेत मुलगी म्हणाली, "चेहरा का पाडलाय?" ते म्हणाले, "ऊन आहे."

दुसऱ्या दिवशी झाकण तिनेच लावले. रिंग पुसली, उजेडात धरून पाहिली, केस बांधले आणि मगच झाकण दाबले. बाबांनी मला पट्ट्याला अडकवले.

पाणी काचेसारखे होते. बाबा एका जाड्या माशाकडे बोट दाखवून पोटावरून हात फिरवत होते, आणि मुलीच्या तोंडातून हसण्याचे बुडबुडे निघत होते. मग त्यांचा हात मागे आला आणि मला धरून राहिला. नेहमी ते चाचपून सोडून द्यायचे. आज सोडले नाही. बोटे घट्ट होत गेली. बुडी शिकवणाऱ्या बाईंनी ते पाहिले आणि सावकाश सगळ्यांना वर आणले.

बोटीवर बाबा फळीवर बसले.

"जरा टेकतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "डबी कोरडी आहे ना?"

मुलीने मला हलवून पाहिले. "कोरडी आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली. ती मान पुन्हा वर आली नाही. धक्का येईपर्यंत शिकवणाऱ्या बाई त्यांची छाती दाबत राहिल्या. बोटवाल्याने यंत्र फुटेल इतक्या वेगात बोट आणली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेले होते. घरी जिना चढतानाही हे झाले असते. हे ऐकून मुलीने त्यांचे आभार मानले. मग कोणीतरी तिच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात ओला सदरा होता, घड्याळ होते आणि मी होते.

बाबांना घरी न्यायला कागद लागत होते आणि कागदांना शिक्के. ती या खिडकीवरून त्या खिडकीवर जात राहिली. रात्री हॉटेलचा नोकर दारावर आला की ती आतूनच सांगायची, "नको, पोट भरलंय." मी टेबलावर होते. माझ्या अंगावरचे पाणी वाळले आणि त्याचे पांढरे मीठ झाले.

मित्रांनो, माझ्यासारखी डबी तुमच्याकडे असेल तर झाकण लावण्याआधी तिची रिंग पुसत जा. वाळूचा एक कण पुरतो, एक केस पुरतो. तिला खणात टाकून वर्षानुवर्षे विसरू नका. आणि मधूनमधून झाकण उघडत जा. जी डबी उघडलीच जात नाही, तिच्या आत काय होते ते कुणालाच कळत नाही.

शेवटच्या शिक्क्याचे कार्यालय दुपारी बंद झाले, तेव्हा ती पायरीवर बसली आणि तिने मला उघडले. आत सगळे कोरडे होते. तीन घड्या. एक बाबांची, एक तिची, हे तिला समजले. तिसरी हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मला सांगता आले असते तर मी सांगितले असते.

मग ती उठली आणि शेडमागच्या खानावळीत गेली. खानावळवालीने तिच्या मागे पाहिले.

"बाबा कुठे?"

मुलीने सांगितले. खानावळवाली बाकावर तिच्या शेजारी बसली. पळी तिच्या हातातच होती.

"आल्या आल्या मला सांगून गेले होते," ती म्हणाली, "एका ताटाचं मागे ठेवा, माझी मुलगी मागेल. मी ठेवलं. तुम्ही नको म्हणालात. पैसे द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, मागितलं नाही की हो. तर म्हणाले, उद्याही ठेवा. उद्या मागेल."

मुलीने माझे झाकण उघडले.

"मी ठेवलं होतं," खानावळवाली म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही. तुम्ही दोघं आलाच नाहीत."

मुलीने तिन्ही घड्या बाकावर ओळीने मांडल्या. मग तिसरीवर हात ठेवला.

खानावळवाली उठली आणि ताट वाढून घेऊन आली. तोच मासा, तेच कढण, तोच भात. मुलगी जेवू लागली. सुरुवातीला तिने लहान लहान घास घेतले. मग ती भराभर जेवली, लहानपणी पातेले खरवडायची तशी. शेवटचे शीत तिने बोटाने टिपले आणि बोट चाटले. या वेळी कोणी हात धुवायला जाण्याची वाट तिने पाहिली नाही.

मी समोर होते, माझे झाकण उघडे होते. माझ्यापलीकडे बाबा बसले होते ती बाकाची जागा मोकळी होती. तिने ताट उचलले आणि दोन्ही हातांनी त्या जागेपुढे धरले. खानावळवाली पळी घेऊन थांबली.

"बाबा, अजून हवंय," ती मोठ्याने म्हणाली. "पोट नाही भरलं माझं."