एनारची शेवटची काडतुसं आणि मी

“हात तर लाव, मग बघ! बाबांच्या हातची शेवटची काडतुसं आहेत ती!”

“सोल्वेग, ओरडू नको. खिडकी उघड आणि ती शेगडी विझव.”

“आई, बाबा कधी चुकलेत का?”

“मला मागणी घातली तेव्हा अंगठी बर्फात पाडली होती त्याने. शेगडी विझव म्हटलं ना!”

मित्रांनो, हे भांडण आज दुपारचं, आणि माझ्यावरूनच पेटलेलं. मी एक जुना हातोडा आहे. खिळे ठोकायचा नाही हां! तसं कुणी म्हटलं की टाळकंच सटकतं माझं. माझं डोकं पोकळ आहे, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं. इकडे अमेरिकेत, मोंटानात, लोक काडतुसं घरीच भरतात. एखादं बिघडलं की ते माझ्या डोक्यात अडकवतात आणि मला ओंडक्यावर आपटतात. मी थांबतो, पण आतली जड गोळी थांबत नाही. पितळी पुंगळीतून सुटून माझ्या पोटात पडते, मागोमाग बंदुकीची दारू. गोळी अख्खी, पुंगळी अख्खी, बुडाची ठिणगी पाडणारी टिकलीसुद्धा शाबूत. एवढी वीज आत कोंडलेली, आणि ती अशी गुपचूप उलगडते! अजून नवल वाटतं मला.

मला एनारने आणलं. सोल्वेगचे बाबा. काडतुसं भरताना डोळ्यांवर जाड चष्मा, आसपास विस्तव नाही. भिंतीवर त्यानेच रंगवलं होतं, ‘बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा.’ त्यामुळे तो चुकायचाच नाही, आणि मी आपला कोपऱ्यात धूळ खात पडायचो. राग यायचा मला त्याचा, खरं सांगतो.

मग या उन्हाळ्यात तो आजारी पडला. तशातही बसून त्याने एक खोकं भरलं, आणि पुढे थोड्याच दिवसांत गेला. उद्या एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. बाबांची बंदूक आणि बाबांचीच काडतुसं घेऊन जायचं, हे सोल्वेगने केव्हाच ठरवलं होतं. पण आज व्हर्ना, म्हणजे तिची आई, दारू मोजायचं नरसाळं पुसायला बसली. तळाशी पिस्तुलाच्या दारूचे कण चिकटलेले! ती दारू भसकन पेटते. रायफलच्या मापाने भरली, तर बंदूक तोंडावरच फुटेल.

“अख्खं खोकं उघडायचं,” व्हर्ना म्हणाली. “शंका आली की उघडायचं. हे मला त्यानेच शिकवलंय.”

पहिला ठोका. काही नाही. दुसरा. तिसऱ्याला गोळी सुटली. व्हर्नाने माझ्या पोटातलं सगळं पांढऱ्या बशीत ओतलं. रायफलची दारू म्हणजे बारीक चिरलेल्या काड्यांसारखी असते. बशीत पडल्या चपट्या, काळ्या चकत्या. तिळाहून लहान.

गारठ्यात दोघी बशीवर वाकल्या. एवढीशी चिमूटभर, पण तिने सोल्वेगचा अख्खा चेहरा उडवला असता.

मग सोल्वेगने मला आईच्या हातातून ओढून घेतलं आणि बाकीची सगळी स्वतः उघडली. माझी मूठ ओली झाली. घाम नव्हता तो.

“आई, नवी दारू भरली, तरी गोळ्या बाबांच्याच ना?”

“त्याच्याच. आणि ही बशीतली परत डब्यात टाकू नको. बाहेर गवतावर पसर. नाक पूस आधी.”

पुंगळ्या खोक्यात लावता लावता सोल्वेग थबकली. एक ओळ रिकामी राहत होती.

“आई... बाबा खोकं कधी अर्धवट ठेवायचे?”

व्हर्नाने बशी बाजूला सारली. “ऑर्व्हिल! आजारपणात भेटायला आला होता तेव्हा तुझ्या बाबांनी मूठभर दिली त्याला.”

“ऑर्व्हिलकाका तर डोंगरात तंबू ठोकून बसलेत! तिथे फोन नाही लागत!”

“मग बघत काय बसलीस? गाडी काढ!”

तर मित्रांनो, हे सगळं मी ट्रकच्या सीटवर आदळत आपटत सांगतोय. एकच ऐका माझं. माणूस कितीही लाडका असो, त्याच्या हातचं कितीही जपून ठेवावंसं वाटो, शंका आली की उघडून बघा. मला अडगळीत टाकू नका.

ट्रक थांबला. झाडांमागे ऑर्व्हिलचा कंदील दिसतोय, आणि तो बंदूक पुसतोय. सोल्वेगने मला उचललंय, ती पळत सुटलीय. मला जायला हवं आता.