झडपेचा दोरा

भाईदासने पुन्हा हँडल मारलं. मोटारीने दोनदा धाप टाकली, पेट्रोलचा वास सुटला आणि ती गप्प झाली.

मागच्या सीटवर त्याची लेक वत्सला सुईणीचा हात धरून कण्हत होती. बाळ आडवं आहे, हे माझ्या हातचं नाही, नंदुरबारच्या दवाखान्यात न्या, असं सुईण म्हणाली होती. एस.टी. थेट संध्याकाळी होती. बैलगाडीचे धक्के वत्सलेला सोसले नसते.

मोटार पौषापासून बंद होती. एका थंड पहाटे त्याची बायको तापीबाई या मोटारीच्याच शेजारी कोसळली, ती पुन्हा उठली नाही. आता वैशाख होता. लेक बाळंतपणाला आली म्हणून त्याने बॅटरी भरून आणली, पेट्रोल टाकलं. पण हँडलला हात लावायचा धीर आजच करावा लागला.

सालदाराने हबीबला बोलावून आणलं. रनाळे गावातली विहिरींवरची इंजिनं हबीबच दुरुस्त करायचा. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि तसाच थांबला.

हवा आत जाते तिथली झडप गोधडीच्या लाल दोऱ्याने बांधून बंद केलेली होती.

"हाई तापीवहिनीनी गाठ शे," हबीब हळूच म्हणाला.

त्याने बाजूची गोल डबी दाखवली. तिच्यात एक स्प्रिंग असते. गारठ्यात ती झडप लावते, ऊब आली की उघडते; उन्हाळ्यात झडप बंदच राहिली तर इंजिन पेट्रोलने तुंबतं. दिवाळीला ती तुटली. नवी नंदुरबारला मिळेना. भाईदास तेव्हा दम्याने अंथरुणात होता. त्याला सांगू नको, तो झडप बांधायला पहाटे गारठ्यात उठून बसेल, असं म्हणत तापीबाईने झडप बांधायचं आणि सोडायचं हबीबकडून शिकून घेतलं होतं.

भाईदासला बरा झाल्यानंतरच्या त्या पहाटा आठवल्या. तो हँडल मारायचा, मोटार लगेच सुरू व्हायची, आणि तो चहाला आत वळला की ती बॉनेटमध्ये वाकायची. तो हसून म्हणायचा, "गाडीले बी चारा टाकी ऱ्हायनी का?" ती पदराला हात पुसायची.

त्या शेवटच्या पहाटे तिने झडप बांधली होती. सोडायची राहिली होती.

हबीबने खिशातून चाकू काढला. भाईदासने त्याचं मनगट धरलं. मागे वत्सला ओरडली.

तापीबाई वासराला बांधायची तीच गाठ होती. भाईदासने टोक ओढलं. एका ओढीत सुटली.

तुंबलेलं पेट्रोल निघून जावं म्हणून हबीबने आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला. भाईदास हँडल मारत राहिला. तळहात सोलले. मग काळा धूर आला आणि इंजिन सुरू झालं.

पुढच्या आठवड्यात हबीबने धुळ्याहून स्प्रिंग आणली. तो ती बसवत असताना घरात बाळ रडत होतं, वत्सला त्याला थोपटत होती. भाईदास शेजारी उभा राहून बघत होता.

"थंडीमा हाई झडप आपोआप लागी?" त्याने विचारलं.

"लागी. आते कोनले पहाटे उठानी गरज नई."

भाईदासने मान हलवली. हबीब गेल्यावर बराच वेळ त्याने बॉनेट लावलं नाही.