मागच्या रेघेवरचं फूल

“सोडी दे, धनू! बाहेर शे!” — बावीस वर्षांपूर्वीची ती हाक अजून कानाच्या पाळीशी लोंबते आहे... आणि बोटांत हे बॅडमिंटनचं फूल, सोळा पिसांतलं एक मोडलेलं, बुचावर तळहाताचा ओलावा. धनश्री ते नुसतंच फिरवत उभी होती. समोर जागृती नेटपाशी घाम पुसत होती. तिचा हैदराबादच्या अकादमीचा अर्ज कोच म्हणून धनश्रीच्या सहीवाचून चार दिवस तिच्याच किटबॅगेत पडून होता, आणि आज शेवटचा दिवस. पोरीचा बॅकहँड अजून कच्चा आहे, असं तिनं कालच सांगून ठेवलं होतं — जागृतीलाही, स्वतःलाही.

मागच्या रेघेपाठी, बाकड्यावर, तिचे वडील, आबा. सुरतेतल्या डिंडोलीच्या घरून रोज चहाचा थर्मास घेऊन येतात, आणि खेळ बघत ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसतात. आज पहिल्यांदाच ते पुटपुटणं तिला ऐकू आलं.

“मझार.”

जागृती पुन्हा खेळू लागली होती; तिनं उडवलेलं दुसरं फूल अजून दिव्यांखाली, वरच होतं. मग ते उतरलं — रेघेच्या आत, दोन बोटं.

“बाहेर.” बाहेर. “मझार.” आत.

“मॅडम, आबांना अंपायर करा ना!” जागृती हसत ओरडली. “एक पण चूक नथी!”

धनश्रीच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच गोठलं. आबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिच्या पहिल्या पगाराचा तो चष्मा, नेहमीसारखा, खिशात.

म्हणजे... वडोदरा. ज्युनिअरचा निवड सामना, शेवटचा गुण, आबा असेच मागच्या रेघेपाठी उभे, ती हाक — आणि उगारलेली रॅकेट तिनं खाली घेतली, बापाचा आवाज होता तो, बापाच्या आवाजावर कोण हिशेब मागतं? — आणि फूल पांढऱ्या रेघेवर पांढरं होऊन पडलं. आतच. सामना गेला. परतीच्या बसमध्ये आबा म्हणाले होते, “माले दिसनं नही, माय. कारखान्यानं डोया खाई टाक्यात.” तिनं माफ केलं होतं. माफ कसलं, त्या अधू डोळ्यांवर तिनं माया केली होती, त्यांच्यासाठी सुरतेत राहिली, दुसऱ्यांच्या पोरी घडवल्या. पण हाच माणूस — डबा घेऊन ती कारखान्यात जायची तेव्हा — खडखडत्या यंत्रमागांच्या पार पलीकडून, हजार धाग्यांत तुटलेला एक धागा जागेवरून दाखवायचा. ‘तो देख, तठे!’ हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बावीस वर्षं आंधळं कोण होतं?

ती बाकड्यावर बसली. किटबॅग मांडीवर आली.

“आबा. त्या दिवशी...”

आबांनी तिच्या हातातलं फूल घेतलं. मोडकं पीस दोन बोटांत धरून सरळ करू लागले, धागा सांधावा तसं, हलक्या हातानं. पीस पुन्हा पुन्हा वाकत राहिलं.

“माले दिसनं व्हतं, धनू,” ते म्हणाले. वर बघितलं नाही. “मझारच व्हतं. तुन्ही माय मरीसन सहा महिनाबी नही व्हयेल व्हतात. तू जिंकती, हैदराबाद चालनी जाती... मी त्या घरमा कोनासंगे बोलतू?”

राग येईल म्हणून ती थांबली. राग येईना. आतून काहीतरी वेगळंच वर येत होतं, गार, बिनआवाजाचं — चार दिवस बॅगेची चेन उघडताना त्या अर्जाला टाळणारा आपला हात. संध्याकाळी सहानंतर जागृतीशिवायचा हा हॉल, कसा दिसेल तो? आणि मी? मला काय दिसत नव्हतं?

“मॅडम, परत बॅकहँडच करू?” जागृतीनं विचारलं.

“नको,” धनश्री म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. “बॅकहँड चांगला आहे तुझा, जागृती. दिवाळीपासूनच चांगला आहे. मला दिसत होतं.”