दोन बोटं म्हणजे दीड इंच

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. शिसवाची, बारा इंचांची. एका टोकाचा कपचा उडालाय, म्हणून आता मला कुणी अकराच्या वर धरत नाही.

जालन्याच्या सुताराने मला घडवलं, खुणा फार जपून पाडल्या. आधी मी एका शाळेत होते. तिथे माझ्या इंचांकडे कुणी पाहिलं नाही. मुलांच्या तळहातांशीच माझी ओळख. पुढे १९५८ साली दीनानाथ सरांनी मला नव्या कॉलेजात नेलं. सर इंग्रजी शिकवत. पेपर तपासताना ते मला नावावर आडवी ठेवत, कुणाचा पेपर ते दिसू नये म्हणून. एवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता.

सहामाहीला मात्र सरांनी कपाळाला हात लावला. अख्ख्या वर्गाने निबंधात समुद्रकिनारा लिहिला होता, एकाच गाईडातला. सगळ्यांच्या लाटा एकाच ओळीत फुटत होत्या, आणि समुद्र तर एकानेही पाहिलेला नव्हता. सरांनी सरसकट नापास केलं.

त्यात केदारखेड्याची पुष्पाही होती. निकाल कळताच तिचे वडील रखमाजी तिला न्यायलाच आले.

"सर, पोरीला वापस नेतो. इंग्रजी तिला जमून न्हाई राह्यलं."

"एकदा पुन्हा लिहू द्या. मी तपासतो."

"तुम्ही पास कराल, ठाव हाय मला. पोरांवर जीव हाय तुमचा. पण घरच्या पायलीनं मोजलं की ज्वारी जास्तच भरती. बाहेरच्या पायलीनं मोजून दाखवा, मंग ठेवतो."

दुसरा कुणी रागावला असता. सरांना ते पटलं! स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात त्यांच्या ओळखीचे प्राध्यापक होते, तिथल्या मुलांचे निबंध तपासणारे. त्यांच्याशी पत्राने ठरलं की जालन्याचे निबंध बिननावाने तिकडच्या गठ्ठ्यात मिसळायचे आणि सगळे एकाच मापाने तपासायचे. तोवर पुष्पा इथेच राहणार.

"तुला जे येतं आणि त्यांना येत नाही, ते लिही," सर तिला म्हणाले.

"मला पत्रावळी लावता येती, सर. पण ते काय इंग्रजीत लिहायचं असतं का?"

"लिही तर. वाचून त्या माणसाला पत्रावळ लावता आली पाहिजे."

तिने लिहिलं. सर एका वाक्यावर थांबले. "पान पानावर दोन बोटं चढवावं. कोणाची बोटं?"

"माझी."

"ते त्यांना कसं कळणार? त्यांनी तुझ्या वडिलांएवढी बोटं धरली तर?"

"मंग पत्रावळीचा द्रोण होईल की!"

सर हसले आणि मला पुढे सरकवलं. पुष्पाने आपली दोन बोटं माझ्यावर ठेवली. दीड इंच. मित्रांनो, माझ्यापुढे हात नेहमी भीतभीतच यायचे. ही बोटं पहिल्यांदा आपणहून आली.

मग सर मुद्दाम अडाण्यासारखे विचारत गेले. पानाची कुठली बाजू वर? काडी कुठून टोचायची?

"सर, तुम्ही पत्रावळीवर कधी जेवलाच न्हाईत का?"

"मी जेवलोय गं. पण आत्ता मी तिकडचा आहे."

ती खोडत गेली, लिहीत गेली. निबंध बोटीने गेले.

बऱ्याच महिन्यांनी पुडकं आलं. सरांनी रखमाजींना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर ते उघडलं. पुष्पाच्या निबंधातली एकही चूक तिकडच्या लाल शाईने सोडली नव्हती. खाली शेरा होता, तो सरांनी मराठीत सांगितला: "आमच्या चांगल्या मुलांच्या बरोबरीचं लेखन. वाचून करून पाहिलं, सोबत पाठवतो."

पुठ्ठ्यांच्या मधून निघाली एक पत्रावळ! पानं कुठल्याशा अनोळखी झाडाची, वाळून तपकिरी झालेली.

रखमाजींना शेऱ्याचं काही वाटलं नाही. त्यांनी तांब्या उचलला आणि पत्रावळीत पाणी ओतलं. पुष्पा वाकून पत्रावळीच्या खाली बघू लागली. थेंबही गळला नाही. मग त्यांनी एकेक जोड अंगठ्याने दाबून पाहिला.

"लावली बराबर. हा गडी शिकला कुणाकडं?"

सरांनी पुष्पाकडे बोट केलं.

"ही कधी गेल्ती तिकडं?"

"ती कुठं गेली? तिनं लिहिलं, त्यांनी वाचलं."

रखमाजी लेकीकडे बघत राहिले. मग पटका सारखा करत म्हणाले, "मंग हिला नेऊन कसं चालंल? तिकडचे लोक शिकायचे राह्यलेत की अजून!"

ते गेल्यावर सरांनी मला त्या जोडांवर ठेवलं. दीड इंच. मी जालन्याबाहेर पाऊल टाकलं नाही, पण माझं माप समुद्रापलीकडे जाऊन जसंच्या तसं परत आलं.

आता मी खिडकीला टेकण म्हणून उभी असते. कधी कुणी पाठही खाजवून घेतं. त्याला माझी ना नाही. एकच मागणं आहे मित्रांनो, माझ्या खुणा पुसू देऊ नका, आणि मला कुणा लेकराच्या हातावर उगारू नका. त्याला सांगा, हात माझ्यावर ठेव.