उघडं तोंड भिंतीकडे

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो: मी एक जुना आडोसा आहे. तीन फळ्या आणि चार बिजागऱ्या, एवढाच माझा देह. मतदानाच्या दिवशी मला टेबलावर उभा करतात आणि माझ्यापुढे येऊन माणूस मतपत्रिकेवर शिक्का मारतो. गाभाऱ्यात राजा असो की रंक, देवापुढे ज्याचा तो एकटाच असतो. माझ्यापुढेही तसेच. निदान तसे असावे!

मला घडवणारा सुतार भाविक होता. रंधा मारता मारता गुणगुणायचा. काम संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर खिळ्याने कोरले, ‘उघडं तोंड भिंतीकडे.’ म्हणजे माझी फळी नसलेली बाजू भिंतीकडे असावी, मत देणाऱ्याच्या पाठीमागून कोणी डोकावू नये. पुढे कोणा शहाण्याने त्या अक्षरांवर हिरवा रंग फासला. झाले! एरवी मी शाळेच्या अडगळीत पडून असतो. माझ्यावर ओली फडकी वाळतात. मधल्या सुट्टीत माझा स्टंप होतो. चेंडू खाऊन खाऊन एक बिजागरी ढिली झाली, तिची दाद ना फिर्याद.

गेल्या मतदानाला तर कहर झाला. केंद्राचे प्रमुख होते शाळेतलेच मास्तर. पेटीचे सील तीनदा तपासले, शाई तीनदा हलवली, शिक्का तीनदा उमटवून पाहिला. आणि मला? ‘जरा उजेड येईल’ म्हणून माझे तोंड सरळ खिडकीकडे केले! पेटी सुरात, तबला सुरात, आणि गाणाऱ्याच्याच तोंडाला कुलूप!

खिडकीबाहेर अरुंद गल्ली, पलीकडे लाँड्रीचा उंच ओटा. ओट्यावर खुर्ची टाकून मालक बसला होता. त्याचा भाऊ निवडणुकीला उभा होता. भावाचे चिन्ह मतपत्रिकेवर वर, दुसऱ्या उमेदवाराचे खाली. सकाळीच त्याने कामावरच्या बायकांना बजावलेले मी ऐकले होते. “कुणाचं कोपर वर जातं न् कुणाचं खाली, इथून दिसतंय मला. उद्या इस्त्री कुणाच्या हातात द्यायची ते मग बघू.”

सकाळपासून साठ माणसे अशी उघड्या पाठीने मत देऊन गेली. मी आतल्या आत चरफडत होतो. लाकडाला ओरडता येत नाही, हेच खरे दुःख!

मग लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या मावशी आल्या, मागे रांगेत तिथल्याच बाकीच्या बायका. बोटाला शाई लागली, हातात मतपत्रिका आली. माझ्यापुढे येऊन त्यांनी एकदा मागे वळून पाहिले. मालकाने ओट्यावरून मान डोलावली. मावशी शिक्का न मारताच माघारी फिरल्या.

“मास्तर, हा आडोसा उलटा आहे.”

“मावशी, आटपा हो. मागं रांग बघा केवढी!”

“रांग थांबेल. मी रोज समोर इस्त्री करते. तिथून तुमचा फळा वाचता येतो मला. परवाचा गुणाकार चुकला होता तुमचा.”

रांगेत हशा पिकला. एक आजोबा म्हणाले, “अहो मास्तर, खिडकी उघडी टाकून आंघोळ करता का तुम्ही?”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. खिडकीपाशी गेले, तर समोरच्या ओट्यावर मालक आत टक लावून बसलेला. मग स्वतःच्या हातांनी त्यांनी टेबल फिरवले. कित्येक वर्षांनी माझे तोंड भिंतीकडे झाले. माझी ढिली बिजागरीसुद्धा आनंदाने करकरली.

मावशी पुन्हा आल्या. क्षणभर डोळे मिटले, शिक्का मारला आणि मतपत्रिकेची अशी नेटकी घडी घातली, की सदऱ्याची काय घालाल!

मावशी समोरच्या ओट्यावर पोचल्या तशी मालकाची आरोळी खिडकीतून आत आली. “काय केलंस गं आत?”

“घडी घातली, मालक. रोजचंच काम.”

दुसऱ्या दिवशी अडगळीत जाण्यापूर्वी मी खिडकीतून पाहिले. मावशी इस्त्री फिरवत होत्या. कुणाला काढायचे, तेच मालकाला कळत नव्हते.

मित्रांनो, माझ्यावर फडकी वाळवा, हवा तर स्टंपही करा. पण त्या एका दिवशी तरी माझ्या पाठीवरचा हिरवा रंग खरवडून सुताराची अक्षरे वाचा. आणि मावशींचे कोपर वर गेले की खाली, हे मला विचारू नका. मी पाहिले आहे, पण सांगणार नाही. मला घडवले आहे ते त्याचसाठी.