मोतुलोआ बंदरातले तीन बार

मी एक जुनी पितळी तोफ आहे. मित्रांनो, घाबरू नका. माझी लांबी जेमतेम हातभर. मी कधी गोळा उडवला नाही, नुसता आवाज केला. पण त्या आवाजाची मला आजही लाज वाटते.

सिडनीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. लोकरीचे बडे व्यापारी हार्कनेस यांनी मला आपल्या शिडाच्या नौकेवर बसवले. नौका बंदरात शिरली की मी सलामी द्यायची, एवढेच काम. कप्तान फिलिमोनी मला रोज राख आणि लिंबू लावून घासायचा. तो मूळचा मोतुलोआ बेटावरचा.

थोरले मालक वारले आणि सगळे त्यांच्या एकुलत्या मुलाकडे, ऑस्विनकडे आले. त्याला काम असे ठाऊकच नव्हते. हाक मारायचाही कंटाळा, म्हणून चहा हवा असला की तो माझा बार काढी. पाहुणे टाळ्या वाजवत. मी फुशारून जाई.

एकदा आम्ही मोतुलोआला नांगर टाकला. तिथला खोबऱ्याचा परदेशी व्यापारी क्रोगर केक घेऊन नौकेवर आला.

"काय खणखणीत आवाज आहे!" माझ्यावर हात फिरवत तो म्हणाला. "उद्या इथल्या राणीसाहेबांचा वाढदिवस. बरोबर दहाला तीन बार काढाल का?"

"दहाला? इतक्या पहाटे?" ऑस्विन कळवळला. पण केक चांगला होता. तो हो म्हणाला.

क्रोगर गेल्यावर फिलिमोनी म्हणाला, "धाकटे मालक, राणीसाहेबांचा वाढदिवस होऊन चार महिने झाले. मागच्या खेपेला त्या मेजवानीचं भाजलेलं डुक्कर तुम्हीच खाल्लंत ना?"

"मग पुन्हा आला असेल. राण्यांचं काही सांगता येत नाही."

"धन्य आहे तुमची!" फिलिमोनी चडफडला. सकाळी उठून तो राणीलाच विचारायला होडीतून किनाऱ्यावर गेला.

दहाच्या ठोक्याला ऑस्विनने झोपेच्या कपड्यांतच वात पेटवली. एक, दोन, तीन. मी जीव तोडून गरजले.

तिसऱ्या बाराबरोबर क्रोगरची बंदूकवाली माणसे राणीच्या घरात घुसली. तीच त्यांची खूण होती. ऑस्विनला आधी तो उत्सवच वाटला. मग त्याने दुर्बीण लावली. ओट्यावर वृद्ध राणी लुसेफा खुर्चीला बांधलेली होती आणि तिच्यापुढे फिलिमोनी आडवा उभा राहिला होता. बंदुकीच्या दस्त्याचा घाव त्याच्या उजव्या हातावर बसला. मला रोज घासणारा तो हात!

थोड्याच वेळात क्रोगर नौकेवर आला. "शाबास! आता आणखी दोन बार काढा. खडकांच्या पलीकडे आमची युद्धनौका थांबलीय. ते ऐकले की ती आत येणार. मग हे बेट आमच्या बादशहाचं!"

ऑस्विन पांढराफटक पडला. क्रोगरच्या कमरेला पिस्तूल होते.

"जरा थांबा हं, माझा चहा राहिलाय," असे म्हणत त्याने किटली उचलली, ठेच लागल्याचे सोंग केले आणि अर्धा चहा, दूधसाखरेसकट, माझ्यात ओतला. उरलेला गेला माझ्या दारूच्या पिंपात.

"अरे गाढवा!" क्रोगर ओरडला. त्याने वात लावली. फुस्स. पुन्हा लावली. पुन्हा फुस्स.

आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहून कामाला आले. भरती ओसरू लागली, खडकांतून आत येणे अवघड होऊ लागले, तशी युद्धनौका वाट पाहून निघून गेली. ती जाताना दिसताच कोळणी वल्ही उगारून क्रोगरच्या माणसांवर चालून गेल्या. दुपारपर्यंत सगळे मासळीच्या जाळ्यांत गुंडाळलेले होते, किनाऱ्यावर परतलेला क्रोगरसुद्धा.

ऑस्विन राणीपुढे मान खाली घालून उभा राहिला. "मला वाटलं, खरंच वाढदिवस आहे," तो पुटपुटला.

"पोरा, तुला सांगणारा माणूस तुझ्या नौकेवरच होता," राणी म्हणाली. "जा, त्याच्यापाशी बस."

फिलिमोनीचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. ऑस्विन वर्षभर तिथेच राहिला. फिलिमोनीचे जेवण रांधायला शिकला, वल्ही मारायला शिकला. मलाही घासायला बसला, आणि फार वाईट घासले.

"लिंबू पिळा की, मालक! नुसतं कुरवाळता काय?" माडाखालून फिलिमोनी म्हणायचा. दोघे हसत. मला मात्र हसू येत नसे.

आता मी धक्क्यावर एका चौथऱ्यावर असते. अंगावर हिरवे डाग पडले आहेत. मुले माझ्यावर बसून शहाळी पितात. 'हिने बेट वाचवलं,' असे ती एकमेकांना सांगतात. आधीचे तीन बार मीच काढले होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते. मित्रांनो, माझ्यावर खुशाल बसा, जमल्यास चार दिवसांतून एकदा घासा. पण कोणी गोड बोलून तुमच्या हाती पेटती वात दिली, तर आधी विचारा, हा आवाज कोणासाठी? मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.