कुलपाला टेकलेला सोटा

खरं सांगू? हे मी सांगणारच नव्हतो. सोट्यानं आपली गोष्ट सांगायची म्हणजे जरा जास्तच झालं, असं वाटत होतं. त्यात ह्या गोष्टीत माझे नऊ दिवस असे आहेत, की मी नुसता टेकून उभा होतो आणि डोळ्यांदेखत नको ते घडलं. आपली लाज आपणच कशाला उघडी करा? पण मग पुतलीच्या घराचं छप्पर चढलं. त्या छपराकडे बघितलं आणि म्हटलं, नाही, सांगूनच टाकू.

तर मित्रांनो, मी नेपाळातल्या काफलडांडा नावाच्या डोंगरगावचा राखणीचा सोटा. सालवृक्षाच्या लाकडाचा, माणसाच्या छातीएवढा उंच, खाली लोखंडी टोपण. वय एकतीस. गावात घरं त्रेचाळीस आणि मी सगळ्यांचा. ज्याच्या दारात मी, त्याची त्या दिवशी जंगल राखायची पाळी. सकाळी मला उचलायचं, जंगलाला फेरी मारायची, कुणी हिरवं झाड तोडत नाही ना, कुठं धूर दिसत नाही ना, ते बघायचं. संध्याकाळी मला शेजारच्या दाराला टेकवायचं आणि घरी जायचं. हाक मारायची नाही, निरोप द्यायचा नाही. सकाळी दार उघडलं की मी दिसतोच.

माझ्या जन्माच्या वेळी डोंगराला टक्कल पडलं होतं. तेव्हा जंगल सरकारचं होतं आणि सरकारचं म्हणजे कुणाचंच नाही, असं लोक धरून चालायचे. पाच गावांना मिळून एक रखवालदार. तो ह्या टोकाला गेला की त्या टोकाला कुऱ्हाड चाले. शेवटी वनदेवीच्या ठाण्याभोवतीची सालाची सात झाडं तेवढी उरली, तीही देवीच्या धाकानं. बायका सरपणाला अर्धा दिवस चालायच्या.

मग कायदा बदलला. जमीन सरकारचीच राहील, पण जंगल गावानं राखायचं, गावानं वाढवायचं आणि त्यातलं लाकूड, गवत, पाचोळा गावानंच नियमानं वाटून घ्यायचा. एक रेंजर साहेब डोंगर चढून आले, पिंपळाच्या पारावर बसले आणि म्हणाले, घरांची यादी द्या. गावानं दिली. अडतीस घरं.

साहेबांनी खाली बोट दाखवलं. "आणि त्या वळणावरचे धूर कुणाचे?"

"ते लोहार, साहेब."

"लोहार चुलीत काय घालतात? गवत?"

लोहारांना गाव तेव्हा आपल्यात धरत नव्हतं.

"ती पाच घरं यादीत आली की कागद पुढं सरकेल," साहेब म्हणाले आणि पारावर आडवे झाले. दुपारपर्यंत यादी त्रेचाळीसची झाली.

देवीच्या एका सालाची फांदी वाऱ्यानं मोडून पडली होती. तिचा मी झालो. माझं टोपण ठोकलं जितमान लोहारानं. ठोकता ठोकता तो म्हणाला, "आता मला यादीतनं काढायचं तर आधी ह्याचं टोपण काढावं लागेल." आणि त्यानं ते असं बसवलं, की एकतीस वर्षांत हललं नाही.

सरकारी रोपवाटिकेतनं रोपं फुकट आली. कशी लावायची, कुठं गुरं सोडायची नाहीत, किती वर्षांनी विरळणी करायची, हे शिकवायला माणसं आली. पण राखण आमची. माझ्या टोपणाचे ठसे नाहीत अशी एक पायवाट त्या डोंगरावर सापडायची नाही.

जंगल राखायला गावानं नेमलेल्या आमच्या समितीची अध्यक्ष दिलसरा दिदी. तेव्हा ती नवी सून होती. पहिल्याच पाळीला तिला जंगलात हिरवी फांदी तोडताना कोण सापडावं? तिची सासू.

"आमा, विळा ठेवा खाली," दिलसरा म्हणाली.

"घरी ये, मग बघते तुला."

"घरी येतेच. आधी दंड भरा."

सासू महिनाभर बोलली नाही. पण पुढच्या वर्षी सुनेला अध्यक्ष करा म्हणून पारावर पहिला हात तिनंच वर केला.

आणि डोंगर भरला, मित्रांनो. साल आले, चिलाउने आणि कटूस ही आमच्याकडची झाडं आली. आटलेला झरा परत वाहायला लागला. दुसऱ्या जिल्ह्यांतनं लोक बघायला यायचे. एकदा गावाला ढाल मिळाली आणि फोटो काढला, तेव्हा मला तेल लावून मधोमध धरलं होतं. फुगलो होतो मी. का फुगू नये?

मग कुलपं आली.

आधी एक घर, मग तीन, मग अकरा. कुणी मलेशियाला, कुणी आखातात, बायकापोरं खाली बुटवलला शाळेच्या गावी. आता आमच्याकडची रीत अशी, की पाळी घराची असते, माणसाची नाही. पाळी चुकली की घर यादीतनं गेलं आणि यादीतनं गेलं की जंगलातल्या काडीवरही हक्क नाही. म्हणून बंद घराची पाळी आली की शेजारी गुपचूप दोन दिवस फिरायचे. पण अकरा घरांची पाळी गुपचूप किती दिवस फिरणार? हळूहळू ते बंद पडलं.

चैताचे दिवस होते. पाचोळा पापडासारखा वाजत होता. त्या दिवशी मी टेकमानकडे होतो. टेकमान साधा माणूस, म्हशीशी जास्त बोलणारा. संध्याकाळी त्यानं मला नेऊन शेजारच्या हर्कबहादूरच्या, म्हणजे सगळ्यांच्या हर्क दाजूच्या, दाराला टेकवलं. दाराला कुलूप.

टेकमानची बायको मनसरा अंगणातनं बघत होती. "हर्क दाजू मलेशियात, भाउजू पोरं घेऊन बुटवलला. सकाळी सोटा उचलणार कोण? कुलूप?"

"पाळी त्यांच्या घराची आहे."

"मग पुढच्या दारी ठेव ना."

"म्हणजे ओलांडू? उद्या दाजू येऊन विचारेल, टेकमान, माझं घर तूच गावातनं काढलंस का? काय सांगू?"

मनसरा चुलीकडं वळली. तिलाही पटलं होतं, तीच तर गंमत. वाईट मनानं कुणी काही केलं नाही. हर्कचा हक्क जाऊ नये म्हणून टेकमाननं मला तिथं ठेवलं.

आणि मी राहिलो. एक दिवस, दोन दिवस. लोक समोरनं जायचे, मला बघायचे आणि म्हणायचे, पाळी हर्कच्या घराची आहे वाटतं. मला उचललं तर हर्कचा अपमान, ओलांडलं तर हर्कचा घात. त्यापेक्षा पुढं चाललेलं बरं. दिलसरा दिदी मुलीच्या बाळंतपणाला बुटवलला गेली होती, नाहीतर तिनं हे दुसऱ्याच दिवशी मोडलं असतं.

त्या दिवसांत माझी कुलपाशी दोस्ती झाली. गंजलेलं, पण मनानं चांगलं. ते म्हणायचं, "चार वर्षांनी कुणीतरी आलं दारात. थांब की जरा." आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आराम. एक बकरी येऊन अंग घासून जायची. मी म्हणायचो, चालायचंच.

नवव्या दिवशी दुपारी दक्षिणेच्या अंगानं धूर उठला. पाळीचा माणूस डोंगरावर असता तर त्यानं तो चटईएवढा असताना बघितला असता. गावाला दिसला तेव्हा तो भिंतीएवढा होता.

सगळे धावले. माझ्यासमोरनं तीसेक माणसं गेली. थांबली फक्त पुतली, जितमान लोहाराची सून. "हा इथं काय करतोय?" एवढंच म्हणाली आणि मला उचलून पळाली. माझ्या टोपणानं तिनं जमीन खरवडली, पाचोळा मागं ओढला, आगीपुढं मोकळा पट्टा काढत गेली. बाकीचे हिरव्या डहाळ्यांनी आग झोडत होते. संध्याकाळी आग त्या पट्ट्यावर येऊन थांबली. मोठे साल वाचले. तीन वर्षांपूर्वी लावलेली रोपं गेली, सगळी. आणि मी एका अंगानं कोळसा झालो.

आता पुतलीचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त तिचंच अडलं होतं. मागच्या पावसात डोंगर खचला आणि तिचं घर घेऊन गेला. नवरा दिल्लीला कामाला, ती आणि सासू बकऱ्यांच्या गोठ्यात पत्र्याखाली. समितीनं तिला सालाची चार झाडं फुकट द्यायचं ठरवलं होतं. पण गावाचा जंगलाचा कागद दहा वर्षांचा असतो आणि तो महिनाअखेर संपत होता. नवा होईपर्यंत एक फांदी तोडता येत नाही. रेंजर मॅडम चार दिवसांनी बघायला येणार, फेरीनंतर जिच्यात अंगठा मारायचा ती राखणीची वही तपासणार आणि वहीत नऊ दिवस कोरे.

दिलसरा दिदी धावत परत आली. पारावर सगळे जमले. एकजण म्हणाला, "नऊ अंगठे मारू. कोणाला कळतंय?"

"आग कशी लागली म्हणायचं?"

"आग काय, लागते."

मग सगळे पुतलीकडे बघायला लागले. कागद अडला तर पावसाळा गोठ्यात काढायचा तिनंच. ती हो म्हणाली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं.

पुतलीनं मला पारावर आडवं ठेवलं, जळकं अंग वर करून. "अंगठे मारा," ती म्हणाली. "पण मग ह्याला लपवा. आणि माझ्या सासऱ्याचं नाव यादीत आलं तेव्हा कुणी खोटं लिहिलं नव्हतं. माझं छप्पर खोट्यावर चढवलंत, तर मी त्याच्याखाली झोपायची नाही."

वही कोरीच राहिली.

रेंजर भगवती मॅडम आल्या. आधी जळलेला डोंगर बघितला, मग पारावर बसून वही बघितली. "ह्या नऊ दिवसांत सोटा कुठं होता?"

टेकमान उठला. "मी टेकवला, मॅडम. हर्क दाजूच्या कुलपाला."

"का?"

"पाळी त्यांच्या घराची होती."

"घरात कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"मग?"

"घर होतं ना, मॅडम."

मॅडमनी वही बाजूला ठेवून गावाचा कागद उघडला. मग म्हणाल्या, "तुमच्या कागदात लिहिलंय, घरटी एक दिवस राखण. घर रिकामं असलं तर काय, ते लिहिलेलंच नाही. लिहिणाऱ्यांना तेव्हा हे सुचलं नसणार. पण नियम तुमचे तुम्ही बनवता, कायदा तेवढा हात मोकळा ठेवतो. मी जेवून येते. तोवर ठरवा."

दिलसरा दिदीनं मलेशियाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"माझं घर ओलांडू नका," हर्कबहादूरचा आवाज आला. "एवढंच सांगतो."

"मग जंगल जाळू का दाजू तुझ्या मानापायी?"

मग तो म्हणाला, "माझ्या वाट्याचं गवत टेकमानला घेऊ दे. त्यानं फिरावं माझ्या घराच्या नावानं. परत आलो की त्याचे दिवस मी फेडतो. सावडीनं नांगरतो आपण, सावडीनं फिरता येत नाही का?"

मॅडम जेवून आल्या तेव्हा नियम लिहून तयार होता. बंद घराला ओलांडायचं नाही. सोटा त्या दाराला टेकवायचा आणि तिथंच, त्याच पावली, शेजाऱ्यानं उचलायचा. फेरी घराच्या नावावर, गवत शेजाऱ्याला.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "हा मी वर शिफारस करून पाठवते. जळलेल्या भागात पाच वर्षं गुरं नाहीत. रोपं रोपवाटिका देईल, खड्डे तुम्ही खणाल. आणि ह्या वर्षी तोडीला सहाच झाडं. दहा मागितली होती, मिळणार नाहीत."

दहांतली चार पुतलीची, चार शाळेची आणि दोन टेकमानच्या गोठ्याची होती. टेकमान म्हणाला, "माझी काढा. म्हशीला ताडपत्री चालते."

"म्हशीला विचारलंस?" मनसरा म्हणाली. मग हळूच, "काढा. चालते तिला."

शाळेनं दोन सोडली. चार आणि दोन, सहा. कागद महिनाअखेर आला, नव्या दहा वर्षांचा. जेठात पुतलीचे साल उतरवले, खांद्यावर घ्यायला त्रेचाळिसांपैकी एकही उघडं घर मागं राहिलं नाही. आणि छप्पर चढल्यावर पुतलीनं सासऱ्याची भट्टी पेटवली. माझ्या जळक्या अंगाला तिनं लोखंडी कडं चढवलं. टोपणाला हात लावला नाही. म्हणाली, "हे सासऱ्याचं. हे राहू दे."

तर मित्रांनो, कायदा चांगला मिळाला, रोपं मिळाली, शिकवणारे मिळाले, ह्याबद्दल मी आजही छाती पुढं करून सांगेन. पण हे सगळं शेवटी एका दाराला टेकलेलं असतं, कुणीतरी उचलेल म्हणून. तुमच्याही गावात, शाळेत, गल्लीत असा एखादा सोटा असेल. पाळी कुणाची, हे विचारत बसू नका. आधी उचला, मग विचारा.

काल परत हर्कच्या घराची पाळी होती. टेकमाननं मला दाराला टेकवलं, मोठ्यानं म्हणाला, "दाजू, तुझ्या घराची फेरी करतोय हं," आणि मला उचलायला वाकला. तेवढ्या वेळात कुलूप म्हणालं, "झालं? एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "पण ऐक. त्रेचाळीस दिवसांनी येईन. मग परत त्रेचाळिसांनी. तुझा मालक येऊन तुला उघडेपर्यंत तुझं दार मी एकदाही चुकवणार नाही. आणि तुझ्यापाशी परत कधी थांबणार नाही. हा माझा शब्द."